सर, चक्कर येतेय का?

बी.एड.ला पाठ टाचण लिहायला शिकवतात. त्यात दोन रकाने असतात, शिक्षक कृती आणि विद्यार्थी कृती. म्हणजे विद्यार्थी उद्या काय उत्तर देणार, हेही आदल्या रात्री आपणच लिहून ठेवायचं. माझ्या टाचणवहीतले विद्यार्थी फार गुणी आहेत. विचारलं की पूर्ण वाक्यात बोलतात आणि कधी चुकत नाहीत. सातवी 'ब'च्या पोरांनी ही वही वाचलेली नाही, सगळा घोळ त्यामुळे होतो.

त्यात प्रशिक्षण झालं. विषय, वर्गातील विद्यार्थ्यांचा सहभाग. शिक्षकाने एकट्यानेच बोलत राहू नये, हे सुलभकांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकट्यानेच बोलून पटवून दिलं. शेवटी "काही शंका?" असं विचारलं, तर सगळे शिक्षक खाली माना घालून बसले. शंका काढली की जेवण लांबतं, एवढं आम्हालाही कळतं. तिथून मी दोन गोष्टी टिपून आणल्या. एक, शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 29: मूल भयमुक्त असावं, त्याला आपली मतं मोकळेपणाने मांडता यावीत. दोन, मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंचं निरीक्षण: प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतो, मग दुसऱ्याला उठवतो नाहीतर स्वतःच बोलून मोकळा होतो. तो तीन सेकंद थांबला, तर एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात.

बाईंचं खरं असेल. पण तीन सेकंद म्हणजे किती, हे फळ्यापुढे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पाठ मलिक अंबरचा होता. बाकं गोलात लावली (त्या खरखराटाने मुख्याध्यापक वर येऊन बघून गेले) आणि विचारलं, "चारशे वर्षांपूर्वी आपल्या गावाला पाणी कुठून येत असेल?" विचारून थांबलो. चेहऱ्यावर प्रोत्साहनपर हसू. एक. दोन. पंखा कुरकुरतोय. पुढच्या बाकावरची मुलगी हळूच उठली, "सर, चक्कर येतेय का? पाणी आणू?"

"मला नको. उत्तर हवंय."

मागून एक हात वर आला. माझं काळीज सुपाएवढं झालं.

"सर, पाणी प्यायला जाऊ?"

"जा. पण ते पाणी येतं कुठून ते सांगून जा."

"टँकरनं!"

माझ्या उजव्या रकान्यात 'नहर-ए-अंबरी' लिहिलेलं होतं. पण आता रकान्याला कोण विचारतो? सगळेच बोलू लागले. एकीकडे नळाला पाणी सहाव्या दिवशी येतं, दुसरीकडे आठव्या, तेही रात्री दोनला. शेजारचे नळाला मोटर लावतात म्हणून कुणाची भांडणं कुठवर गेली, हेही कळलं. "सर, तुम्ही लावता का मोटर?" असं एकाने विचारलं. तो भयमुक्त झाल्याची माझी खात्री पटली. ज्या मुलाचं 'हजर' मला जूनपासून कधी ऐकू आलं नव्हतं, त्याचे काका व्हॉल्व्ह सोडायला जातात. तो खडू घेऊन उठला आणि फळ्यावर जायकवाडी, फारोळा, नक्षत्रवाडी अशी लाइन काढत थेट आमच्या गल्लीपर्यंत आला. खडू त्याने परत दिला नाही.

मी कसाबसा मलिक अंबरला वर्गात आणला. त्याने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आपलंच गाव, वसवलं. डोंगराकडचं जमिनीतलं पाणी बंद नळांतून नुसत्या उतारावर गावात आणलं, तीच नहर-ए-अंबरी. पुढे पाणचक्कीलाही असंच झऱ्याचं पाणी आलं. ते उंच भिंतीवर चढून खाली पडायचं, त्यावर जातं फिरायचं. आता वर्ग आपणहून गप्प झाला. मग चक्करवाली मुलगी म्हणाली, "मोटर नव्हती, तर पाणचक्कीच्या भिंतीवर पाणी चढायचं कसं?"

झरा उंचावर होता, नळ बंद होता, म्हणून पाणी आपली पातळी गाठायचं. हे मला नशिबाने येत होतं.

"मग जायकवाडीचं तसं का नाही येत?"

"जायकवाडी खाली आहे, आपण वर. पंपाने चढवावं लागतं." हेही आलं.

"मग वरून येणाऱ्या नहरी आपण नीट का नाही ठेवल्या?"

यावर मी पाठ टाचणात न बसणारे तीन सेकंद थांबलो. मग म्हणालो, "छान प्रश्न! उद्या सगळ्यांनी उत्तर शोधून आणा."

"उद्या पाणी येणारंय सर!" वर्ग एका सुरात ओरडला. सहभाग शंभर टक्के.

उत्तर अजून बाकी आहे. नहरींचा इतिहास ज्यांना नीट ठाऊक आहे, अशा जाणकारांनी आमच्या वर्गावर जरूर यावं. फक्त येण्याआधी आमच्या भागातला पाण्याचा दिवस विचारून घ्या. त्या दिवशी निम्मा वर्ग हंडे भरायला घरी असतो.