खोक्यावर आकडे लिहिणाऱ्या महोदयांस

श्री. खोकेलेखक यांस,
सा. न. वि. वि.

आपलं नाव मला ठाऊक नाही आणि आपण कुठल्या कंपनीत बसता तेही विचारत नाही. मोठ्या अल्ट्रावाइड कर्व्ड मॉनिटरचं खोकं कुठल्याही कंपनीचं असो, त्यावरचा मजकूर एकाच हातचा वाटतो. तेव्हा हे पत्र त्या हाताला.

सुरुवात अभिनंदनाने करतो. आपण छापलेला एकही आकडा खोटा नसतो. पट्टी लावा, मीटर लावा, वकील बसवा, आपण सुटणारच. कुरुक्षेत्रावर द्रोणाचार्यांनी विचारलं तेव्हा धर्मराजही खरंच बोलले होते. 'नरो वा कुंजरो वा' यातला कुंजर तेवढा शंखनादात बुडाला. आपल्याला शंखही लागत नाही. आकड्याच्या डोक्यावर बारीकशी चांदणी काढायची आणि तिचा खुलासा खोक्याच्या बुडाशी मुंगीच्या टायपात टाकायचा, की भागलं. त्या एका वाक्यापायी धर्मराजांचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला. आपला कंपनीच्या पार्किंगमध्ये सुखरूप असेल.

आमच्या घरात मॉनिटर एकच, मालक दोन. दिवसा मी त्यावर मराठी मजकूर आणि हिशेबाचे तक्ते हाकतो, रात्री चिरंजीव शत्रू मारतात. आपल्या खोक्यावर 'कामासाठी आणि गेमिंगसाठी' असं लिहिलेलं असतं, म्हणजे आम्ही दोघंही आपले हक्काचे बकरे.

आपल्या सगळ्यात थोर आकड्यापासून सुरू करू: ३४ इंच. घरात २७ इंची असलेला माणूस मनात म्हणतो, सात इंच वाढले. आपण त्याला म्हणू देता. हे इंच तिरके, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात मोजलेले. ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची सुमारे ३३ सेंटिमीटर, आणि जुन्या २७ इंचीची जवळजवळ तेवढीच. वाढली ती रुंदी, ६० वरून ८० सेंटिमीटरवर. आता शेजारच्या फळीवरचा साधा ३२ इंची घ्या. त्याचा पडदा भरतो सुमारे २,८२० चौरस सेंटिमीटर, आपला ३४ इंची सुमारे २,६५५. दोन इंच जास्त असल्याच्या आनंदात ग्राहक सहा टक्के कमी पडदा घरी नेतो. बरं, या कर्णरेषेला फक्त आम्हीच भुललो असंही नाही. ३२ इंचापर्यंतच्या मॉनिटरवर जीएसटी १८ टक्के आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के, असा कायदा २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत होता. म्हणजे कमी पडद्यावर जास्त कर! आता दोन्हींवर १८ टक्के आहे. सरकार सुधारलं, आपण मात्र अजून तिरकेच मोजता.

एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर म्हणाल पुणेरी माणसाला काही आवडतच नाही. ही वाढीव रुंदी कामाला खरोखर येते. ३४४० बाय १४४० म्हणजे जुन्या २५६० बाय १४४० पेक्षा तिसरा हिस्सा जास्त पिक्सेल, आणि अक्षरं तेवढीच बारीक, तेवढीच स्वच्छ. डावीकडे मूळ मजकूर, मधे मराठी, उजवीकडे शब्दकोश, असा संसार थाटता येतो. पण आपल्याला हे पुरलं नाही. तेवढेच पिक्सेल ४५ इंचांवर ताणून आपण त्याला 'महाकाय अनुभव' म्हणता. ३४ इंचीत इंचाला सुमारे ११० पिक्सेल असतात, तिथे ८३ उरतात. बसल्या जागेवरून अक्षरांचे दात मोजता येतात, हा अनुभव महाकाय आहे खरा.

आणि ती मीटिंगची चित्रं! रुंद पडदा, हसरी माणसं, तक्ते. कधी अख्खा अल्ट्रावाइड पडदा मीटिंगमध्ये शेअर करून बघा. समोरच्याच्या १४ इंची लॅपटॉपवर एक चिंचोळी पट्टी उमटते आणि पहिलं वाक्य येतं, "सर, जरा झूम करता का?"

आता बाक. 'डोळ्याच्या नैसर्गिक वक्रतेशी जुळणारा १०००आर', हे आपलं लाडकं वाक्य. आर म्हणजे त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. आकडा जितका लहान तितका बाक जास्त. १०००आर म्हणजे एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. पण माणसाच्या डोळ्याची त्रिज्या सुमारे १२ मिलिमीटर असते हो! जुळवायचंच म्हटलं तर मॉनिटर १२आर हवा, बोराएवढा. खरं कारण इतकं साधं आणि चांगलं आहे की ते आपण का लपवता हेच कळत नाही. यांतल्या पुष्कळ मॉनिटरांत व्हीए पॅनल असतं. ते समोरून सुरेख दिसतं, तिरकं पाहिलं की रंग फिके पडतात. सपाट लांब पडद्याची टोकं आपल्याला तिरकीच दिसणार, म्हणून टोकं आत वळवायची. उत्तम उपाय आहे. पण तो एका खुर्चीपुरता आहे. शेजारी उभं राहून बघणाऱ्याला तो लागू नाही. आणि वास्तुविशारदाने आधी विचार करावा, कारण नकाशावरची सरळ भिंत इथे पोट काढते.

खोलीबद्दल आपण मौनच पाळता. ४९ इंची १०००आर मॉनिटर जवळपास ११५ सेंटिमीटर लांब, आणि त्याची टोकं मध्यापेक्षा सुमारे १७ सेंटिमीटर पुढे येतात. आपल्याकडे मुलांचं अभ्यासाचं टेबल बहुधा चार फूट बाय दोन फूट. जवळजवळ चारही फूट मॉनिटरने खाल्ले, दोन फुटांतला बराच भाग त्याच्या स्टँडच्या फाकलेल्या पायांनी. कीबोर्ड मांडीवर घ्यायचा का, याचा खुलासा मुंगीच्या टायपातही सापडला नाही.

चिरंजीवांची तक्रार वेगळी आहे आणि ती त्यांनी मला लिहायला लावली आहे: एक मिलिसेकंद. हा आकडा आपण इतक्या मोठ्या अक्षरांत छापता की खोकं त्याच्यासाठीच बनवलं असावं. हा एक मिलिसेकंद दोन वाटांनी मिळवता येतो. पहिल्या वाटेचं नाव एमपीआरटी. यात पडद्यामागचा दिवा प्रत्येक फ्रेमला क्षणभर लावून विझवायचा, म्हणजे हलत्या चित्राचा धूसरपणा कमी दिसतो. पिक्सेल तेवढाच आळशी राहतो. तो रंग बदलत असताना अंधार केलेला असतो, इतकंच. चित्र मंद होतं, आणि ग्राफिक्स कार्डाशी वेग जुळवण्याची सोय पुष्कळदा तेव्हा बंद करावी लागते. दुसरी वाट जीटीजी, एका करड्या छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ. त्यात असंख्य छटांमधली सगळ्यात वेगवान जोडी निवडायची, पिक्सेलला रेटणारा ओव्हरड्राइव्ह शेवटच्या टोकाला न्यायचा आणि घड्याळ लावायचं. त्या सेटिंगवर धावणाऱ्या माणसामागे पांढरट भूत धावतं, म्हणून ते सेटिंग कोणीही वापरत नाही, आपण सोडून. आणि व्हीए पॅनलमध्ये काळ्यातून गडद करड्यात जायला वीस-तीस मिलिसेकंद सहज लागू शकतात. १६५ हर्ट्झला एक फ्रेम सहा मिलिसेकंदांची. म्हणजे अंधाऱ्या बोळातला शत्रू चार-पाच फ्रेम आपली काजळी मागे ओढत चालतो. चिरंजीव म्हणतात, निदान तो कुठून आला ते कळतं.

कॉन्ट्रास्टच्या 'दहा कोटीस एक' वर वेळ घालवत नाही. खरा आकडा व्हीएचा साधारण तीन हजारास एक, आयपीएस या दुसऱ्या पॅनलचा एक हजारास एक. बाकीचे कोटी दिवा विझवून मोजलेले. एचडीआरचंही, म्हणजे उजेड-अंधाराच्या वाढीव पल्ल्याचंही, तेच. व्हेसा या संस्थेने २०१७च्या डिसेंबरात डिस्प्लेएचडीआरच्या पायऱ्या ठरवल्या. त्यातल्या सगळ्यात खालच्या ४०० च्या पायरीला पडद्याचा दिवा भागाभागाने कमीजास्त होण्याची अट नव्हती. तिच्याही खाली आपण एक स्वतःची पायरी बांधलीत, 'एचडीआर रेडी'. म्हणजे सिग्नल आत घेतला जाईल, पुढचं दैवाधीन.

खोक्यावरचं चित्र तर मी कापून ठेवलं आहे. एक मोटार, नाहीतर अंतराळयान, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं. आमच्या घरी व्हॅलोरंट खेळतात. तो खेळ मुद्दामच साध्या पडद्याच्या १६:९ च्या चौकटीत राहतो, रुंद पडदावाल्याला जास्त दिसू नये म्हणून. दोन्ही बाजूंना काळे पट्टे. 'एल्डन रिंग'ही २०२२ मध्ये पीसीवर आला तो तसाच. प्लेस्टेशन ५ ला आपलं अल्ट्रावाइड २१:९ माहीतच नाही. मग सिनेमा तरी? भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट 'कागज के फूल', १९५९चा, या आकाराला अगदी शोभणारा. पण असा रुंद चित्रपट इंटरनेटवरून अनेकदा १६:९ च्या चौकटीत बसवून येतो. वरखाली त्यांचे पट्टे, डावीउजवीकडे आपले. गुरुदत्त मधोमध, निधनवार्तेतल्या फोटोसारखे.

हे सगळे रोग ओएलईडीला नाहीत, असं आपण लगेच म्हणाल. काळं खरंच काळं, वेग खरंच वेग. चिरंजीव गप्प होतील. पण माझं काय? क्यूडी-ओएलईडीच्या पहिल्या पिढ्यांत लाल, हिरवा, निळा हे ठिपके ओळीत नसून त्रिकोणात मांडलेले आहेत, हिरवा वर आणि बाकीचे दोन खाली. त्यामुळे आडव्या रेषेच्या एका काठाला हिरवी आणि दुसऱ्या काठाला गुलाबी झाक येते. रोमन अक्षरांत आडव्या रेषा तुटक असतात, खपून जातं. आमची देवनागरी तर शिरोरेखेवरच लटकलेली! प्रत्येक शब्दाला वर आडवी दांडी, आणि प्रत्येक दांडीला काठपदर. शिवाय दिवसभर एकाच जागी असलेला टास्कबार कायमचा उमटू नये म्हणून तो लपवा, पार्श्वभूमी काळी ठेवा, असा सल्ला माहितीपुस्तिकेत मिळतो. खोक्यावर मात्र 'कामासाठी' हा शब्द जिथल्या तिथे आहे.

माझं मागणं फार नाही. खोक्याच्या दर्शनी बाजूला पॅनलचा प्रकार लिहा. स्टँडसकट लांबी, उंची, खोली सेंटिमीटरमध्ये द्या. मिलिसेकंद देणार असाल तर कुठल्या सेटिंगवरचे आणि सगळ्या छटांची सरासरी किती, ते द्या. कुठल्या पोर्टातून किती हर्ट्झ मिळतील तेही, कारण १६५ च्या जाहिरातीतला एचडीएमआय २.० अनेकदा १०० च्या आसपास दम टाकतो. आणि ती चांदणी काढा. तिच्याखाली लिहिता तेच वर लिहा.

आपला,
एक कर्णरेषाग्रस्त ग्राहक

ता. क. हे वाचकांसाठी. दुकानात जाण्याआधी टेबल मोजा आणि टेप सोबत न्या. मॉनिटर चालू करायला लावा, त्यावर मराठी मजकुराचं एक पान आणि तुमच्या घरात खेळला जातो तोच खेळ उघडून बघा. परत करायला किती दिवस आहेत ते बिलावर लिहून घ्या. दाखवायला दुकानदार तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा.