फाइलवाले काका

आमच्या सोसायटीत कुणालाही 'काय, बरं आहे ना?' असं विचारता येतं. फक्त फाइलवाल्या काकांना विचारायचं नसतं. बाकीचे 'चाललंय' म्हणून पुढे सटकतात. काका 'एक मिनिट' म्हणतात, आत जातात आणि फाइल घेऊन बाहेर येतात. मग गॅसवर दूध ठेवलंय, रिक्षा थांबलीय, असली कुठलीही सबब चालत नाही.

काकांची उभी हयात एका सहकारी बँकेच्या तपासणी विभागात गेली. निवृत्तीनंतर तपासायला शाखा उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःचं शरीर तपासायला घेतलं. हृदयाची फाइल लाल, किडनीची निळी, डोळ्यांची हिरवी, दातांची अर्थातच पांढरी. 'संकीर्ण' नावाची एक पिवळी आहे. कुत्रा चावल्याच्या इंजेक्शनांपासून जुन्या काविळीपर्यंत जे कुठेच बसत नाही ते सगळं तिच्यात. प्रत्येक कागदावर आवक क्रमांक, तारीख आणि कोपऱ्यात काकांची बारीक सही. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांची सही राहिली असेल तर काका खाटेवरून हलत नाहीत. काउंटरवरची मुलगी 'कागद नंतर मिळतील' म्हणाली, की काका शांतपणे भारतीय वैद्यक परिषदेची २००२ सालची नियमावली काढतात: मागितल्यापासून ७२ तासांत, आणि आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळून ठेवायचे! मुलगी आतून कुणाला तरी बोलावून आणते.

काकांचा खरा जीव ईसीजीच्या पट्टीत. हा थर्मल कागद. काही वर्षांत त्याच्यावरच्या रेघा उडतात आणि हातात कोरी पट्टी राहते. म्हणून ईसीजी झाला, की काका घरी येण्याआधी झेरॉक्सच्या दुकानात जातात. मूळ पट्टी प्लास्टिकच्या पाकिटात घालत नाहीत, त्यानं छपाई आणखी लवकर उडते. साध्या कागदी पाकिटात, घडी न घालता. समोरच्या विंगमधल्या एका गृहस्थांनी हौसेनं ईसीजी लॅमिनेट करायला टाकला. मशीनच्या उष्णतेनं पट्टी काळीठिक्कर होऊन बाहेर आली. गृहस्थ धडधाकट आहेत, रोज टेकडी चढतात. पण काका ती हकिकत सांगतात ती ते गेल्यासारखीच.

रक्ताच्या तपासण्यांत काकांना मान फक्त एचबीएवनसीला. 'उपाशीपोटीची साखर काय, दोन दिवस जिलबी सोडली की सुधारते. शाखेत आम्ही येणार हे आधी कळलं की रोकड जुळायचीच! हा मात्र मागच्या तीन महिन्यांचा हिशेब काढतो.' लॅब त्यांनी कधी बदलली नाही, कारण प्रत्येक लॅबची 'नॉर्मल'ची हद्द वेगळी, आणि मग मागचे आकडे पुढच्यांशी जुळत नाहीत. हे अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच काकांशी वाद घालता येत नाही.

मुलानं त्यांचा आभा क्रमांक काढून दिला, म्हणजे कागद बाळगायला नकोत. काकांनी त्या चौदा आकडी क्रमांकाची रंगीत प्रिंट काढली, दोन भोकं पाडली आणि पिवळ्या फाइलला लावली.

काकूंकडे फाइल नाही. त्यांच्या पर्समध्ये एक चेनचं पाकीट आहे, त्यात चालू गोळ्यांच्या स्ट्रिपांचे कात्रीनं कापलेले तुकडे. औषधवाल्याला दाखवायला. काका या पद्धतीला 'कच्ची नोंद' म्हणतात.

मागे एका रात्री काकांना गरगरलं, ब्लडप्रेशर फारच खाली गेलं, आणि त्यांना कॅज्युअल्टीत न्यावं लागलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'आजोबा, गोळ्या कुठल्या चालू आहेत?' काका झोपल्या झोपल्या म्हणाले, 'लाल फाइल, पान एकशे बारापासून.' तोवर काकूंनी पाकीट टेबलावर उपडं केलं होतं. 'ही सकाळची, ही रात्रीची, ही अर्धी. आणि यांना सल्फा चालत नाही, अंगभर पुरळ उठतं.' डॉक्टरीणबाईंनी दोन तुकडे शेजारी शेजारी धरले. ब्रँडची नावं वेगळी, रंग वेगळे. खाली बारीक अक्षरात दोन्हींवर एकच, अ‍ॅम्लोडिपिन. एक हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी किडनीच्या. एक चिठ्ठी लाल फाइलला, एक निळीला. दोन्ही अगदी जागच्या जागी, म्हणून त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती.

'दुबार नोंद,' काका एवढंच म्हणाले. सलाइनच्या सुईपेक्षा त्यांना ते जास्त लागलं असावं.

आता सगळ्या फाइलींच्या वर एक सुटं पान असतं: गोळीचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कधी, कुणी दिली, काय चालत नाही. खाली 'तपासले' असा शिक्का आणि काकूंची सही. तुमच्या घरात दोन डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील, तर रंगीत फाइली नंतर आणा. आधी स्ट्रिपा एकत्र मांडा, चष्मा लावा आणि बारीक अक्षर वाचा.