कनेक्शन सामाईक, निस्तरणं आपापलं

डेटाबेसचं एकच कनेक्शन दोन थ्रेडनी वापरलं तर चालतं का? प्रश्न हो-नाहीचा. उत्तर मात्र आकड्यात मिळतं.

पायथनने 1999 साली डेटाबेसच्या नियमावलीत 0 ते 3 अशी श्रेणी ठरवली. 0 असेल तर थ्रेडनी मॉड्यूलसुद्धा वाटून घ्यायचं नाही. 1 असेल तर मॉड्यूल घ्या, कनेक्शन नको. 2 ला कनेक्शनही चालेल आणि 3 ला कर्सरसकट सगळं खुलं. चढती भाजणी, कुणालाही पटेल अशी. एसक्यूलाइटचेही आकडे आहेत, 0 ते 2. फक्त त्यांचा 1 म्हणजे पायथनचा 3, आणि त्यांचा 2 म्हणजे पायथनचा 1. शून्यावर तेवढं एकमत आहे. त्यातही ज्या प्रकाराचं नाव ‘मल्टी-थ्रेड’, त्यातच एक कनेक्शन एका वेळी अनेक थ्रेडनी वापरायला मनाई! पायथनचं एसक्यूलाइट मॉड्यूल तर 3.11 आवृत्ती येईपर्यंत, खाली काहीही असो, स्वतःला 1 च म्हणवून घेत होतं. विनय म्हणायचा.

हे मॉड्यूल कनेक्शन दुसऱ्या थ्रेडला देत नाही, सरळ एरर फेकतं. मग टीममधले सीनियर मान वर न करता सांगतात, ‘अरे, चेक-सेम-थ्रेड फॉल्स कर, चालतं.’ चालतंही. खाली बारीक सूचना असते की लिहिण्याचा क्रम तुमचा तुम्ही लावा. म्हणजे विहीर सामाईक एवढं सातबाऱ्यावर आहे, पाण्याची पाळी भाऊबंदांनी आपसात बघावी.

पाळी चुकली की काय होतं ते बघा. पोस्टग्रेसचं सायकोपीजी2 स्वतःला 2 नंबर देतं, म्हणजे कनेक्शन खुशाल वाटा. पहिल्या थ्रेडने एका खात्यातून 500 रुपये वजा केले. तेवढ्यात दुसऱ्याची भलतीच क्वेरी फसली आणि त्याने शिस्तीत रोलबॅक केला. ट्रॅन्झॅक्शन कनेक्शनचं असतं, थ्रेडचं नव्हे, त्यामुळे पहिल्याची वजाबाकीही पुसली गेली. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही. त्याने दुसऱ्या खात्यात 500 जमा करून कमिट केलं. पैसे आकाशातून पडले, प्रोग्रॅम क्रॅश झाला नाही, म्हणून थ्रेडसेफ! असं होईल हे लिहिलेलं नसतं असं नाही. लिहिलेलं असतं, दुसऱ्या पानावर.

या कटकटीवर कनेक्शन पूल, म्हणजे साठ्यातून प्रत्येक थ्रेडला वेगळं कनेक्शन, हा उतारा आहे म्हणतात. गो भाषेत ‘ओपन’ केलं तरी कनेक्शन उघडेलच असं नाही, जावाच्या पुलात ‘क्लोज’ केलं तरी ते बंद होत नाही, असो. गोमध्ये उघड्या कनेक्शनांची कमाल मर्यादा 0 ठेवली तर ती अमर्याद होते, आणि मुळात ती 0 च असते. शेजारीच रिकाम्या कनेक्शनांची मर्यादा आहे. तिथे 0 म्हणजे एकही नाही. मूळ सेटिंगमधलं पोस्टग्रेस 100 कनेक्शनांवर दार लावून घेतं आणि कळवतं की माफ करा, ग्राहक आधीच फार झालेत. एवढ्या सगळ्या मजकुरात पहिल्या वाचनात कळलेलं हेच एक वाक्य, आणि त्याच्याआधी ‘फेटल’ असा शिक्का.