दहावा ग्रह, जमिनीवर

जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडे पूर्वापार मानतात. अलीकडे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत या ग्रहाने नवा अवतार घेतला आहे. तो बेडरूममध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा पडलेला असतो आणि त्याला लाकडी फ्लोअरिंग म्हणतात.

सुरुवात अर्थातच स्थळं बघण्यापासून. दुकानात तीन स्थळं दाखवतात. पहिलं अस्सल खानदानी : सबंध लाकूड, १८-२० मिलिमीटर जाडीची फळी. वय झालं, चेहऱ्यावर ओरखडे आले, तरी घासून पॉलिश मारलं की पुन्हा बोहल्यावर उभं राहतं. भाव ऐकून वधूपिता पाणी मागतो. दुसरं स्थळ इंजिनिअर, म्हणजे इंजिनिअर्ड वूड. वर दोन-चार मिलिमीटर खरं लाकूड, खाली प्लायचे आडवे-उभे थर. थर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून स्वभाव जरा स्थिर. तिसरं स्थळ फोटोत विलक्षण देखणं दिसतं. दिसणारच, कारण तो फोटोच आहे. लॅमिनेट म्हणजे लाकडाचं छापील चित्र, त्यावर कडक पारदर्शक थर आणि पोटात दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुगा. १९७७ साली स्वीडनमध्ये ही युक्ती निघाली. तिथे उन्हाळाही आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्यासारखा.

खरं तर गावातलंच स्थळ उत्तम. चंद्रपूरच्या जंगलातला साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला. सागाच्या अंगात मुळातच तेल, त्यामुळे वाळवी सहसा वाटेला जात नाही आणि दमट हवेत तो इतरांपेक्षा कमी फुगतो. पण गावातल्या मुलाला कोण विचारतो? आपल्याला युरोपातला ओक हवा. परदेशातलं स्थळ! विक्रेता अंतरपाट धरल्याच्या सुरात सांगतो, "साहेब, एकदम वॉटरप्रूफ आहे. फक्त पाणी लागू देऊ नका."

मग लग्नघटिका. वऱ्हाड खोक्यांतून येतं आणि निदान दोन दिवस त्याच खोलीत बंद राहतं. घरच्या हवेची सवय व्हावी म्हणून. तेवढे दिवस घरचे लोक हॉलमध्ये झोपतात. स्लॅब नीट वाळलेला हवा, समपातळीत हवा, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर फोम, त्यावर ही मंडळी. भिंतीलगत चारी बाजूंनी आठ-दहा मिलिमीटर फट सोडायची, कारण महाराजांना फुगायला जागा लागते. ती फट स्कर्टिंगखाली झाकतात. घाईतला कारागीर फटच सोडत नाही. त्याचं बिल आधी चुकतं होतं, फरशी नंतर उठते. शेवटी कळतं, दार उघडत नाही. सुतार येऊन दाराचा खालचा भाग तासतो. जावयासाठी दाराने मान झुकवली, हे पाहून घरधन्याला गहिवरून येतं.

आणि जुलैत हा ग्रह वक्री होतो. अक्षरशः. कंपन्यांची पुस्तिका म्हणते, घरातली आर्द्रता साधारण ३५ ते ६० टक्के ठेवा. पुण्याच्या हवेने ही पुस्तिका वाचलेली नाही. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता पंचवीसच्याही खाली उतरते, जुलैत ऐंशीच्या पुढे जाते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून एप्रिलमध्ये दोन फळ्यांत फट, आणि जुलैत फळ्यांच्या कडा पन्हाळीसारख्या वर. खरं लाकूड पाऊस सरल्यावर पुष्कळदा जागेवर येतं. लॅमिनेटचा भुगा एकदा फुगला की फुगलाच. ते घासताही येत नाही, कारण घासलं तर फोटो जातो.

आता सासरच्यांची आचारसंहिता. ओलं फडकं नको, घट्ट पिळलेलं चालेल. फिनेल नको. ऊन नको, रंग उडतो, म्हणून दिवसा पडदे ओढून दिवे लावायचे. खुर्चीच्या पायांना फेल्टच्या चकत्या. कपाट ओढायचं नाही, उचलायचं. कामाला येणाऱ्या मावशी बादली घेऊन उंबऱ्याशी उभ्या राहतात आणि विचारतात, "मग पुसायचं कशानं, वहिनी? फुंकरीनं?" या प्रश्नाला कुठल्याही कंपनीकडे उत्तर नाही.

सणांची पंचाईत वेगळीच. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, पायाखाली आली की पॉलिशवर बारीक चरे. समईचं तेल, हळदीकुंकवाचे डाग, आरतीनंतर प्रसादाच्या नारळाचं पाणी. गणपती बसवायचा कुठे, हा प्रश्न कुटुंबापुढे येतो. बाप्पा हॉलमध्ये टाईलवर बसतात, जावईबापू आत कोरडे राहतात.

कुणी म्हणेल, पूर्वी वाड्यांत लाकडाचीच जमीन नव्हती का? होती. माडीवर तुळयांवर फळ्या ठोकलेल्या, मुंबईच्या जुन्या चाळींत बर्मा सागाचे जिनेही. पण ते लाकूड घरचा गडी होतं. खालून वारा लागायचा, फटींतून धूळ खालच्या बिऱ्हाडाच्या आमटीत पडायची, वर पोरं उड्या मारायची. त्याच्यासमोर कुणी चप्पल काढून हात जोडले नाहीत. आज आपण त्याला काँक्रीटवर प्लॅस्टिकच्या पिशवीत बसवतो आणि तो घुसमटला की वॉरंटीची बारीक अक्षरं वाचतो. तिथे लिहिलेलं असतं : पाणी, ओल, ऊन आणि वापर वगळून.

ज्यांना ही सासुरवाड झेपत नाही, त्यांच्यासाठी बाजारात लाकडासारखी व्हिट्रिफाइड टाईल मिळते. गाठी, रेषा सगळं छापलेलं. तिच्यावर बादलीभर पाणी ओता, सिलिंडर ओढा, पुरण सांडा. तरी तिला स्थळ म्हणून कुणी विचारत नाही, कारण ती खोटी. अहो, लॅमिनेटही चित्र आणि टाईलही चित्र. एक कागदावर छापलेलं, दुसरं भाजलेल्या मातीवर. मातीवरचं पावसाळ्यात रुसत नाही, एवढाच तिचा गुन्हा. पाहुण्याने "खरं लाकूड का हो?" असं विचारलं, तर बेलाशक हो म्हणावं. लॅमिनेटवाले रोज म्हणतात.