रुबाबात 15, दमात 8

(कबनूर. यंत्रमागाचं शेड, माग बंद. उपड्या पेटीवर नकाशा. दिवाणजी, चष्मा कपाळावर. पुढ्यात पगाराची वही आणि वीस बाजूंचा फासा. समोर न दिसणारा जॉबर.)

बस जॉबर. आरं बस की! सामुराई झाला म्हणून काय दिवसभर उभाच ऱ्हातोय व्हय?

बघू तुझा गडी. (चष्मा नाकावर) सहा आकडं दिलं तुला. 15, 14, 13, 12, 10, 8. आणि 15 कुठं घातलास? रुबाबात! ताकदीत 14. आणि दमात...? (वही जवळ घेऊन, मग लांब धरून) 8! म्हंजे ह्यो दारातनं आला की समदी उठून उभी ऱ्हाणार, आणि पहिला गोब्लिन नुसता शिंकला की ह्यो आडवा.

काय? केस लांब हायती त्याचं? आरं, 1974 ला अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी ह्यो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा खेळ काढला. लई रकानं केलं त्यांनी. केसाचा न्हाई केला.

आता शस्त्र. कटाना, बरं. लांब तलवारीचा हिशोब धरायचा आणि तोंडानं कटाना म्हणायचं, माझी हरकत न्हाई. पण तुला जिंकायचं असंल तर धनुष्य घे. (कानावर हात) वरडू नको! सामुराई पहिल्यापासनं घोड्यावरनं बाण मारणारी जात. तलवारीचा बोलबाला मागनं झाला. तू पिक्चर बघून आलायस, मी पुस्तक वाचून आलोय.

'झनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग', 2017. त्यात सामुराई म्हंजे लढवय्याचाच एक फाटा. तिसऱ्या पायरीला त्याला जोश येतो. तेवढ्या डावापुरतं एका फाश्याऐवजी दोन टाकायचं, मोठा आकडा धरायचा. 10 च्या वर जायचं असंल तर एका फाश्यानं निम्मी आशा. दोन फाशांनी शंभरात 75! आता 2014 च्या नियमातली नेमबाजीची कला घे. नेमात 5 वजा, घावात 10 जमा. एरवी ही वजाबाकी अंगलट येती. जोशात ती झाकून जाती. म्हणून 15 चपळाईत, 14 दमात, 13 शहाणपणात. सातव्या पायरीला दरबारी गोड बोलायला शहाणपणच कामाला येतंय. रुबाबाला 10 बास. आठ न्हाई देत, बायकोला काय सांगशील?

आणि जोशासंगं पाच जादा प्राण. ती उचल हाय बरं का! पगारात धरायची न्हाई. मार बसला की पयल्यांदा उचल कापली जाणार, मग अंगातलं. (वहीत लिहीत) आणि उचलीवर उचल मिळत न्हाई. शेठ देत न्हाई, मी बी देत न्हाई.

जोश तीनदाच. मग आठ तास झोप, तवा परत. (थांबून) बारा तासाच्या पाळीतला माणूस तू. तुझा सामुराई जलमात ताजा व्हायचा न्हाई.

म्हणून पहिल्याच उंदरावर जोश काढायचा न्हाई! मागच्या वेळी तिघांनी तसंच केलं. मग राक्षस आला आणि समदी मेंबरं माझ्या तोंडाकडं.

अठरावी पायरी मातर... (चष्मा काढतो) प्राण शून्यावर आलं तरी पडायच्या आधी एक अख्खा डाव मिळतो. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. आपल्याच जिल्ह्यात, जुलै 1660, घोडखिंड. बाजीप्रभू. विशाळगडावरनं तोफा ऐकू येईस्तवर गडी पडला न्हाई, असं सांगत्यात. जपान्यांनी पुस्तकात घातलं म्हणून आपल्याला कौतिक! (आवाज खाली) जपान्यांनी न्हाई, अमेरिकेनं घातलं. ते जाऊ दे.

चल, टाक फासा. (फासा घरंगळतो. वाकून बघत) दोन. गोब्लिनचा वर्मी घाव, दहा. तुझं प्राण नऊ. उचल? जोशच अजून आला न्हाई तुला, मग उचल कसली?

"अठरावी पायरी, अठरावी पायरी" काय करतोस? तू पहिल्या पायरीवर हायस! पडलास तू. बेशुद्ध.

जॉबर... बेशुद्ध माणूस भजी खात न्हाई. ठेव ती खाली.

(काळोख)