रायगड पडला

"सर, रायगड पडलाय."

प्रयोगशाळेतल्या सहायकाने दारातूनच वर्दी दिली, तेव्हा माझ्यासमोर इतिहासाचे प्राध्यापक बसले होते. त्यांच्या हातातली बशी हिंदकळली. "कधी?"

"रात्री. वीज गेली होती ना."

चूक माझीच होती. कॉलेजात आठ जुने डेस्कटॉप लोखंडी मांडणीवर रचून आम्ही क्लस्टर उभा केला होता. ही काटकसर मूळची आमची नव्हे. 1994 साली नासाच्या गॉडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे 16 साधे प्रोसेसर इथरनेटने जोडून हा खटाटोप केला आणि त्याला बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यनायकाचं नाव दिलं. त्यांचा वीर, तर आमचे गड.

यंत्रं जोडायला दोन दिवस लागले आणि नावं ठरवायला आठवडा. आधी नद्या सुचल्या. पण कृष्णा, कोयना, मुळा, मुठा अशी यादी होताच नागपूरकर सहकाऱ्याने "वैनगंगा आटली का?" असं विचारलं. आंब्यांच्या जाती सुचल्या, पण पहिल्या मशीनला हापूस म्हटल्यावर बाकीच्यांनी काय रायवळ व्हायचं? गडांवर मात्र एकमत झालं. महाराष्ट्रात गडांबद्दल वाद घालायची छाती कोणाची!

संगणकाचं नाव कसं ठेवावं यावर डॉन लिब्स यांचा 1990 सालचा एक दस्तऐवज आहे, आरएफसी 1178. स्वतःचं नाव देऊ नका, प्रकल्पाचं देऊ नका, एखादा विषय धरून नावं निवडा, दोन तऱ्हांनी लिहिता येतील असे शब्द टाळा. अगदी घरातल्या आत्याबाईंचा सल्ला. तो मी वाचला, पण बारसं उरकल्यावर. तोवर आमचा पुरंदर अर्ध्या फायलींत एच लावून आणि अर्ध्यांत एच गाळून नांदत होता, त्यामुळे निम्म्या वेळा सापडतच नव्हता.

खरा घात पुढेच होता. मुख्य नोड आधी राजगड होता. नंतर जास्त मेमरीच्या रायगडावर आम्ही राजधानी हलवली. इतिहासाचा क्रम तेवढा चुकून पाळला गेला. पण रोमन लिपीत या दोन नावांत एकाच अक्षराचा फरक, एकात जे आणि दुसऱ्यात आय. छोट्या लिपीत दोघांच्याही डोक्यावर टिंब. एका विद्यार्थ्याने राजगड बंद करायला म्हणून आज्ञा दिली आणि तीन दिवस चाललेलं गणित रायगडासकट झोपवलं. मी त्याला रागावलो नाही. त्याआधी दोनदा मी स्वतःच ते केलं होतं.

नंतर खरेखुरे 40 सर्व्हर आले आणि नावांचा उत्साह संपला. नोड शून्य एक, नोड शून्य दोन. तो शून्य मात्र विसरायचा नाही, नाहीतर यादीत एकानंतर थेट दहा येतो आणि बिचारा दोन एकोणिसाच्या मागे उभा राहतो.

या धंद्यात आता म्हणतात, सर्व्हर पाळीव कुत्र्यासारखे लाडाने वाढवू नका, गुरांसारखे नंबर लावून ठेवा. एक गेलं की दुसरं आणा. हे म्हणणाऱ्यांनी आमच्याकडचा पोळा पाहिलेला दिसत नाही. ज्याच्या गोठ्यात एकच जोडी आहे, तोही तिला सर्जा-राजा म्हणतो आणि शिंगं रंगवतो. अर्थात 40 बैलांची शिंगं रंगवायला आम्हालाही वेळ नव्हता. आणि मोठ्या नावाने तरी काय होतं? पुण्यातल्या टाटांच्या महासंगणकाचं नाव ‘एका’ होतं, म्हणजे संस्कृतात एक. 2007 च्या नोव्हेंबरात जगाच्या यादीत तो आला चौथा. आशियात पहिला होता, हे सांगितलं नाही तर पुणेकर मला नावं ठेवतील.

यंदा दसऱ्याला सहायकाने हळद-कुंकवाचं ताट आणलं. पंख्यांत पाकळ्या जातात म्हणून झेंडू रॅकच्या बाहेरच्या कडीला बांधायचा, हे त्याला आता पाठ आहे. प्रत्येक यंत्राला एकेक बोट टेकवत तो सातव्यापाशी थांबला.

"सर, पुरंदरच्या जागी आलेला हाच ना?"

"हाच," मी म्हटलं. त्याने कुंकू जरा जास्त लावलं.