अस्वलासाठी कोणती रायफल? : बारा बोअरवाल्या साहेबांना खुले पत्र

प्रति,
राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात रात्री बॅटरी मारत फिरणारे शिकारीसाहेब यांस,
स. न. वि. वि.

आपला पत्ता ठाऊक नसल्यामुळे पत्र उघड्यावरच लिहावं लागतंय, राग नसावा. पंचक्रोशीत आपलं नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पंचनाम्यात मात्र ते ‘अज्ञात इसम’ असंच उतरतं. एवढी प्रसिद्धी आणि एवढी विनम्रता एका माणसात सहसा सापडत नाही.

आपल्या व्यासंगाची कीर्तीही कानावर येते. चुलीवर तांबडा रस्सा उकळत असताना आपण मंडळींना रायफलींचं शास्त्र समजावून सांगता, असं कळतं. अस्वलाला थर्टी-ओ-सिक्स पुरते का, की थ्री-सेव्हंटी-फाईव्ह मॅग्नमच हवी? गोळी मऊ टोकाची की सॉलिड? वजन 180 ग्रेन की 300? मोबाईलवर अलास्कातले व्हिडिओ पाहून आपण इतके तयार झाला आहात की, कोडियाक बेटावरच्या अस्वलांनी आपल्या नावाचा धसका घेतला असेल. प्रत्यक्षात आपल्या खांद्यावर असते ती आजोबांच्या काळातल्या शेतीसंरक्षण परवान्यावरची बारा बोअर, जी दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर थोडी आणखी गंजून घरी येते. तीही नसली, तर गावठी ठासणीची.

तरी आपल्या ज्ञानाचा अवमान करायचा नाही. तेच जरा पुढे नेऊ.

अलास्कातलं तपकिरी अस्वल हे प्रकरण मोठं खरं. कोडियाकचा नर साडेसहाशे किलोपर्यंत भरतो. खांद्याचं हाड जाड, त्यावर स्नायू, त्यावर चरबी आणि सगळ्यात वर दाट केस. हृदय आणि फुप्फुसं या सगळ्याच्या आत. त्यामुळे तिथे प्रश्न गोळी लागण्याचा नसतो, आत पोचण्याचा असतो. मऊ टोकाची साधी गोळी अंगावर आपटताच पसरते आणि वरच्यावर थांबते. नुसती सॉलिड आरपार जाते, पण वाटेत पुरेशी जखम करत नाही. म्हणून जड आणि बेतानं उमलणारी गोळी हवी. 1906 सालची थर्टी-ओ-सिक्स 180 ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपासची गोळी फेकते; 1912 सालची थ्री-सेव्हंटी-फाईव्ह 300 ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची. दुसरीचा तडाखा मोठा, आणि खांद्याला बसणारा धक्काही मोठा. म्हणूनच तिथले जाणते सांगतात, की धक्क्याला घाबरून डोळे मिटणाऱ्या माणसाच्या हातातल्या तोफेपेक्षा नेम धरता येणाऱ्याच्या हातातली लहान रायफल बरी. परक्या शिकाऱ्याला तर तिथे तपकिरी अस्वलामागे एकट्याला सोडतच नाहीत. सोबत परवानाधारक वाटाड्या किंवा तिथला जवळचा नातेवाईक लागतो.

आता एका माणसाची गोष्ट. जॉन नॉस्लर नावाचा अमेरिकन शिकारी 1946 साली कॅनडात मूस या अजस्र हरणामागे होता. जनावर चिखलात लोळलेलं. रायफल ताकदीची, नेमही बरोबर, पण गोळ्या वरच्यावर फुटल्या, आत पोचल्या नाहीत. या गोष्टीनं तो अस्वस्थ झाला. घरी जाऊन त्यानं नवी गोळी घडवली. आत शिशाचे दोन कप्पे, मध्ये तांब्याचा पडदा. पुढचा कप्पा उमलतो, मागचा शाबूत राहून आत शिरतो. 1948 साली त्यानं ती विकायला काढली आणि आजही ती विकली जाते. साहेब, आपण ज्या गोळीवर तास-तास बोलता, ती या अस्वस्थपणातून निघाली आहे. जनावर लगेच पडावं, तडफडत रानात जाऊ नये, एवढ्याचसाठी हा खटाटोप होता. कॅलिबरचं सगळं शास्त्र या एका जबाबदारीभोवती उभं आहे. आपण शास्त्र पाठ केलंत आणि जबाबदारी तेवढी गाळलीत. हुशार विद्यार्थी असंच करतात म्हणे, परीक्षेला न येणारा धडा सोडून देतात.

आता आपल्या सह्याद्रीतल्या अस्वलाकडे वळू. त्याचा नर 80 ते 145 किलोचा, मादी त्याहून हलकी. कोडियाकच्या मानानं पोरच. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून आणि लांबवलेल्या ओठांतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, आणि तो फुसफुसाट बराच लांबवर ऐकू येतो. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, उंबरं, सापडला तर मध. पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरतात, कित्येक महिने. नजर मंद, कानही बेताचे, सगळा कारभार नाकावर. एवढ्या गरीब दिनक्रमाच्या प्राण्यासाठी आपण हत्तीच्या रायफलींचा विचार करता, यावरून आपल्या शौर्याचं माप कळतं.

आणि प्रत्यक्षात करता काय? अंधारात बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकतात, मागे काळं काहीतरी हलतं. डुक्कर की अस्वल, हे ठरवायला थांबलं तर कोल्हापूरचं नाव जाईल. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! अस्वलाच्या मानेवर आणि खांद्यावर केसांचा एवढा झुबका असतो, की शरीर कुठे संपतं आणि केस कुठे सुरू होतात, ते दिवसासुद्धा नीट कळत नाही. आपण रात्री नेम धरता. बाराच्या काडतुसातले छर्रे अंतराबरोबर फाकतात. दोन खांद्यात, एक जबड्यात, बाकीचे ऐनाच्या खोडात. ठासणीची असेल तर आणखी गंमत. नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, शिशाची गोळी सोडायची, गजानं ठासायची, केप बसवायची, मग एकच बार. धूर निवळेपर्यंत जनावर ओढ्यापलीकडे. दुसरा बार भरेपर्यंत आपण गाडीत.

इथेच आपलं खरं कौशल्य दिसतं. जखमी जनावराच्या मागावर जाऊन त्याचा शेवट करायचा, हा शिकारीतला सगळ्यात जुना आणि सगळ्यात अवघड नियम. सकाळी रक्ताच्या थेंबांवरून करवंदीच्या जाळीत शिरायचं असतं, आणि त्यासाठी लागणारं कॅलिबर बाजारात मिळत नाही. आपण त्या वेळी गादीवर असता. जाळीकडे दुसराच कुणी जातो. धनगरवाड्यावरचा गवळी धनगर म्हशींमागे जातो. हिरडा वेचायला बाई जाते. बिनजखमी अस्वलसुद्धा माणूस अचानक समोर आला, की दचकून अंगावर येतं आणि तोंड, डोकं धरतं. खांद्यात आपलं शिसं घेऊन बसलेलं अस्वल किती समजूतदारपणे वागेल, हे आपण चर्चेला घ्यावं ही विनंती. त्या माणसाचा डोळा गेला, की सगळे म्हणतात, अस्वल माजलंय. आपणही म्हणता. कदाचित सगळ्यात मोठ्यानं.

आपल्या घराण्यातल्या एका थोर पूर्वजाची आठवण करून देतो. कुमाऊंत चंपावतची वाघीण जिम कॉर्बेटनं 1907 साली मारली. तोवर तिच्या नावावर 436 माणसं लागली होती. कॉर्बेटनं तिचं तोंड उघडून पाहिलं, तर उजव्या बाजूचे वरचे-खालचे दोन्ही सुळे तुटलेले, एक अर्धा, दुसरा थेट हाडापर्यंत. ती जुनी बंदुकीची इजा होती, आणि त्यामुळेच तिला नेहमीची शिकार साधेना, असा त्याचा निष्कर्ष. वाघिणीचं नाव पुस्तकांत आहे, कॉर्बेटच्या नावाचं तर राष्ट्रीय उद्यान आहे. ज्यानं तो पहिला बार टाकून घर गाठलं, त्याचं नाव मात्र कुठेच नाही. तोही अज्ञात इसमच.

कधी कधी आपण परंपरेचा दाखला देता. कोल्हापुरात चित्ते पाळून काळविटांमागे सोडले जात, दाजीपूरचं रान संस्थानचं राखीव शिकारीचं, न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आहेत, हे सगळं खरं. पण तेच दाजीपूर 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि 1985 साली वाढून राधानगरी अभयारण्य. इथले मूळचे चित्ते तर भारतातूनच संपले. परंपरेचे वारस व्हायचं, तर तिचा शेवटचा अध्यायही वाचायला हवा.

कायद्याचं आपल्याला सांगायला नको, तरी उजळणी म्हणून. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. शिक्षा तीन ते सात वर्षं, शिवाय दंड, शिवाय बंदूक आणि गाडी सरकारजमा. शेतात डुकरं धुडगूस घालत असतील तर वनखात्याकडे रीतसर अर्ज करायची सोय आहे. फक्त त्या अर्जावर नाव लिहावं लागतं, आणि आपली अडचण तीच.

तेव्हा कॅलिबरच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : ज्याला जखमी जनावरामागे जायची तयारी नाही, त्याच्यासाठी कुठलीच रायफल बनलेली नाही. आपण बारा बोअर पुन्हा ठाण्यात जमा करा, निवडणुकीची वाट न बघता. आणि यापूर्वीच कुठे बार टाकून घरी आला असाल, तर 1926 या वनखात्याच्या नंबरवर फोन करा. कुठल्या ओढ्याजवळ, किती वाजता, जनावर कोणत्या बाजूला गेलं, एवढंच सांगा. ज्यांना त्या जाळीत शिरायचं आहे, ते वनरक्षक आणि वाड्यावरची माणसं सावध तरी होतील. नाव नाही सांगितलं तरी चालेल. ती सवय आपल्याला आहेच.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
दिवसाउजेडी रानात जाणारा एक कोल्हापूरकर